क्षेत्र आणि पृथ्वी: गिरणगावच्या जमिनीचा तात्त्विक वाद

मध्य मुंबईत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेल्या गिरणगावात कापड गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या आणि त्या जागी निवासी टॉवर उभे राहिले. त्यावरून झालेला वाद वरवर पाहता नगररचनेचा वाटतो: मजले किती, वाहने किती, पाणी कुठून आणायचे. त्याच्या बुडाशी मात्र फार जुना प्रश्न आहे. जमिनीवर माणसाची मालकी येते कुठून, आणि ती कुठवर पोचते? जमीन विकत घेणाऱ्याची, तिच्यावर राबणाऱ्याची, तिच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याची, की सगळ्या शहराची? गिरणगावात ही चारही उत्तरे एकाच वेळी दिली गेली, आणि चारही बाजूंनी न्याय हाच शब्द वापरला.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापली. ताडदेवला तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात गिरण्यांची रांग लागली. त्यांतल्या काही जमिनी सरकारकडून किंवा पालिकेकडून सवलतीच्या भाड्याने, उद्योगासाठी म्हणून मिळालेल्या होत्या. हा तपशील पुढच्या युक्तिवादात महत्त्वाचा ठरतो. कामगार आले ते कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून. गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, सुटीला गावी जाणारे हे लोक भोंग्यावर दिवस मोजत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला, असे कधी झालेच नाही. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा कापड विणण्याची जागा महाग झाली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने या जागेचे साधारण तीन वाटे केले. मालकाला गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश पालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला तृतीयांश मालकाला. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा नियम लक्षणीय होता. नफा, निवारा आणि मोकळा श्वास यांना त्याने जवळपास सारखे वजन दिले. व्यवहारात मात्र फारसे मालक पुढे आले नाहीत. १९९६ साली सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांपुरताच विचार करता आला, कारण खासगी मालकांनी आपल्या आवारात पाऊल ठेवू दिले नाही. २००१ साली नियम बदलला. वाटणी आता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती हिशेबात धरायची नाही असे ठरले. गिरणीचे आवार बहुतांशी शेडनीच व्यापलेले असते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. वाटणीचे तत्त्व कागदावर राहिले, वाटण्यासारखे फारसे उरले नाही.

या बदलाविरुद्ध जनहित याचिका झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ‘मोकळी जमीन’ या शब्दांत पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही येते असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आजारी उद्योगांचे पुनरुज्जीवन आणि कामगारांची थकलेली देणी जमीन विकूनच भागतील, आणि मालकाला काही राहणार नसेल तर तो जमीन बाहेर काढणारच नाही, हा बदलाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. शेकडो एकरांचे भवितव्य एका विशेषणाच्या अर्थावर ठरले. पण जमीन मोकळी कशामुळे होते, हा प्रश्न भाषेपुरता नाही. जिथे शंभर वर्षे माणसे राबली ती जागा यंत्रे हलवल्यावर मोकळी होते का, की तिच्यावर कोणाचे काही शिल्लक राहते?

शिल्लक राहते असे म्हणणारे बहुधा श्रमाचा आधार घेतात. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की निसर्ग सर्वांचा असतो. माणूस त्यात आपले श्रम मिसळतो तेव्हा ती वस्तू त्याची होते. गिरणी कामगारांच्या बाजूने हे तत्त्व सहज वापरले जाते, पण त्यात एक खोच आहे. लॉकने स्वतःच्याच उदाहरणात नोकराने कापलेले गवताचे ढेकूळ मालकाच्या खात्यात जमा केले आहे. मजुरी दिली की श्रम विकले गेले आणि श्रमाबरोबर त्यातून निपजणारा हक्कही. म्हणजे लॉककडे न्याय मागायला गेलेला कामगार हात हलवत परत येतो. रॉबर्ट नोझिकने १९७४ साली हाच धागा पुढे नेला: संपत्ती मुळात न्याय्य रीतीने मिळाली असेल आणि न्याय्य रीतीने हस्तांतरित झाली असेल, तर तिच्या वाटपाबद्दल तक्रारीला जागा नाही. पण नोझिकची कसोटी काटेकोरपणे लावली तर अडचण मालकांपुढेही उभी राहते. उद्योगासाठी म्हणून सवलतीने मिळालेली जमीन उद्योग संपल्यावर निवासी बाजारभावाने विकली जाते, तेव्हा मूळच्या व्यवहारातली अट कुठे गेली? इतिहासावर उभा असलेला हक्क इतिहासातली सोयीची पानेच तेवढी वाचू शकत नाही.

महाराष्ट्राला श्रमाधारित मालकीचे अधिक जवळचे उदाहरण ठाऊक आहे: कूळकायदा. १९४८ च्या कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले. खंड देऊन कसणारे कूळ आणि पगार घेऊन राबणारा कामगार यांत फरक काय, हा प्रश्न गिरणगावात राहणाऱ्या कोकणी कुटुंबांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. गावाकडे कुळाची जमीन नावावर झालेली आणि मुंबईत साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेले, असे दोन भाऊ एकाच घरात असू शकत. एक उत्तर असे दिले जाते की कुळाचे श्रम जमिनीत मुरतात, बांध-बंदिस्ती नि खत बनून तिथेच राहतात. कामगाराचे श्रम कापडात गेले आणि कापड विकले गेले. हे उत्तर तितके पक्के नाही. परळच्या जमिनीला जो भाव आला तो तिच्या मातीचा नव्हता. रस्ते, ट्राम, रेल्वेची स्थानके, बाजार, दवाखाने, रात्रपाळीलाही जागी राहणारी वस्ती यांमुळे ती जागा शहराच्या मध्यावर आली, आणि ही सगळी बांधणी गिरणीभोवतीच्या माणसांनी केली. फरक इतकाच की कुळाचा घाम सात-बारावर नोंदवता आला, यांचा नोंदवता आला नाही.

इथे भारतीय परंपरेतला एक वाद उपयोगी पडतो. तो यज्ञाच्या निमित्ताने झाला असला तरी त्याचा विषय नेमका हाच आहे. विश्वजित् यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि कारण असे की भूमी सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींनी भाष्यात भेद स्पष्ट केला: शेतांचे म्हणजे क्षेत्रांचे मालक माणसे असतात हे दिसते, अखंड पृथ्वीचा मालक मात्र कोणी दिसत नाही. राजा रक्षण करतो म्हणून त्याला उत्पन्नाचा वाटा. जमीन त्याची नव्हे.

सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात स्वत्वाची, म्हणजे मालकीची, चर्चा करताना हाच न्याय वापरला: जिंकणाऱ्या राजालाही जिंकलेल्याच्या प्रजेची शेते मिळत नाहीत, मिळतो तो केवळ कर घेण्याचा अधिकार. नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. योगायोग असा की ब्रिटिश काळातील न्यायालयांनी हिंदू कायद्याच्या बाबतीत मयूखाला सर्वाधिक मान दिला तो गुजरात, उत्तर कोकण आणि मुंबई बेटावर. ज्या बेटावर पुढे टॉवरचा वाद झाला त्या बेटाचा एक मान्य धर्मग्रंथ मालकीच्या मर्यादा सांगणारा होता, ही गोष्ट त्या वादात फारशी कोणाला आठवली नाही.

मीमांसकांचा हा भेद गिरण्यांच्या जमिनीला लावला तर तो मालकाच्या पूर्ण विरोधात जात नाही, हे आधी मान्य करायला हवे. ‘सब भूमि गोपाल की’ अशी सरसकट घोषणा त्यात नाही. क्षेत्राला मालक आहे. गिरणीचा भूखंड हे क्षेत्रच आहे. प्रश्न आहे तो टॉवर क्षेत्रावर उभा राहतो की पृथ्वीवर. जमिनीच्या तुकड्यावर किती बांधकाम करता येईल हे चटईक्षेत्र निर्देशांक ठरवतो. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावरच्या शहरासाठी १.३३ होता आणि वेगवेगळ्या योजनांखाली तो वाढत गेला. पन्नासाव्या मजल्यावरची हवा मालकाने विकत घेतलेली नसते. ती नियमाने निर्माण केलेली, सार्वजनिक परवानगीतून आलेली वस्तू आहे, आणि ती वापरली की पाणी, सांडपाणी, रस्ता, शेजारच्या चाळीचे ऊन या सगळ्यांवर भार पडतो. श्रीनिवास गिरणीच्या जागेवर सुमारे २८० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला तेव्हा जमिनीचा तुकडा होता तेवढाच होता. वाढली ती शहराने दिलेली मुभा. मीमांसेच्या भाषेत सांगायचे तर क्षेत्राच्या मालकीची कागदपत्रे दाखवून पृथ्वीचा वाटा उचलला जातो.

भारताच्या संविधानातील अनुच्छेद ३९(ख) समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सामान्यांच्या हितासाठी व्हावे असे सांगतो. खासगी मालमत्ता ही ‘समाजाची साधनसंपत्ती’ म्हणायची का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मुंबईच्याच जुन्या उपकरप्राप्त इमारतींमुळे. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली व्यापक अर्थ घेतला होता. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने तो नाकारला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची नव्हे; पण काही असू शकते, आणि ते त्या वस्तूच्या स्वरूपावर, टंचाईवर, समाजावरच्या परिणामावर ठरेल. शबरस्वामींना हा निकाल फारसा परका वाटला नसता.

मालकाच्या श्रमाविना, शहरामुळे वाढणाऱ्या अशा किमतीला जॉन स्टुअर्ट मिलने न कमावलेली वाढ म्हटले आणि हेन्री जॉर्जने १८७९ सालच्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात ती करातून समाजाकडे परत घ्यावी असा आग्रह धरला. गिरणगावात या वाढीचे माप घेता येते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे साडेसतरा एकर जागा ७०२ कोटी रुपयांना विकली. तीच जागा २०१२ साली एका विकासकाकडून दुसऱ्याकडे सुमारे २,७०० कोटींना गेली. मधल्या सात वर्षांत तिथे सूत निघाले नाही, घरे झाली नाहीत. दोन हजार कोटींची ही वाढ कोणी कमावली, या प्रश्नाला ‘बाजाराने’ हे उत्तर दिले जाते. पण बाजार म्हणजे अखेर लोकल गाड्या, शाळा, नोकऱ्या आणि त्यांच्यासाठी इथे येणारी माणसेच.

गांधींचा विश्वस्ततेचा विचारही इथे लागू होतो. त्याचा उगम ते ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्रात पाहत, आणि त्याची एक कसोटी १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपात लागली होती. मालकाने स्वतःला धनाचा विश्वस्त मानावे ही कल्पना उदात्त आहे. तिचे दुबळेपण असे की विश्वस्ताला हिशेब विचारणारा कोणी ती नेमत नाही. १९९१ चा तृतीयांशाचा नियम म्हणजे सक्तीची विश्वस्तताच होती. ती सैल होताच काय होते, हे २००१ नंतर दिसले.

टॉवरच्या विरोधात बोलताना चाळीचे गोडवे गाण्याची एक सवय लागली आहे. ती तपासायला हवी. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, पाणी ठरल्या वेळी. या खोलीत तीन पिढ्या राहिल्या. सामुदायिक जीवन, भजनी मंडळे, गणपती, गोविंदा हे सगळे खरे. पण रात्री बाहेर गॅलरीत अंथरूण टाकणारा मुलगा आणि सामायिक नळावर पहाटे उभी असलेली सून यांना त्या सामुदायिकतेची किंमत मोजावी लागे. त्याच चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली, तेव्हा वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या घेणाऱ्यांना उंच इमारतीबद्दल तात्त्विक आक्षेप नव्हता. उंची ही स्वतः अन्यायी नाही. कमी जमिनीत जास्त माणसे राहावीत आणि उरलेली जमीन मोकळी ठेवावी, हा उंच इमारतीच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे, आणि उपयुक्ततावादी त्यात आणखी भर घालतो: घरांचा पुरवठा वाढला की भाव उतरतील.

गिरणगावच्या बऱ्याच टॉवरांबाबत हा युक्तिवाद लंगडतो, कारण तिथे ना जमीन मोकळी राहिली, ना पुरवठा तुटवडा असलेल्यांपर्यंत पोचला. पायथ्याशी पाच-सात मजल्यांचे पार्किंगचे पोडियम, त्यावर खासगी बाग, बाहेर पूर्वीचाच अरुंद रस्ता. जॉन रॉल्सने १९७१ साली सुचवलेली कसोटी इथे लावून पाहता येते: विषमता चालेल, पण ती सर्वांत खाली असलेल्यांच्या हिताची असेल तर. आलिशान सदनिकांच्या विक्रीतून कामगारांची देणी भागली, तेवढ्यापुरती ती कसोटी काही ठिकाणी पार पडते असे म्हणता येईल. परिसराच्या बाबतीत ती पार पडत नाही. गिरणी कामगारांच्या काळातल्या अरुंद पुलांवर आता कार्यालयांत जाणाऱ्यांचे लोंढे लोटले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे वेगवेगळी. तरी मुभा झपाट्याने वाटली गेली आणि तिचा भार पेलणारी व्यवस्था मागे राहिली, एवढे दोहोंत समान आहे.

आंरी लफेव्र या फ्रेंच विचारवंताने १९६८ साली शहरावरच्या हक्काची कल्पना मांडली: शहर वापरणाऱ्यांना ते घडवण्यातही वाटा हवा. मराठीत याच्या जवळ जाणारा, आणि कदाचित अधिक नेमका, शब्द आधीपासून आहे: वहिवाट. शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर मालकी शेतकऱ्याची, चालण्याचा हक्क गावाचा. वर्षानुवर्षांच्या वापरातून तो तयार झालेला आणि मालकालाही तो मोडता न येणारा. वहिवाट मालकी मागत नाही, म्हणून मालकीच्या वादात ती हरत नाही. पण विकत घेणाऱ्याला ती हिशेबात धरावी लागते. गिरणीच्या फाटकासमोरची खानावळ, कामगार मैदानावरची सभा, गावकीची खोली यांना हा शब्द लावता आला असता. तसा तो लावला गेला नाही. दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिलची जागा तेवढी अपवाद ठरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक व्हावे ही मागणी लोकांनी लावून धरली आणि सुमारे १२ एकर जमीन बाजाराबाहेर काढली. तो दावा श्रमाचा नव्हता, खरेदीखताचाही नव्हता. दर ६ डिसेंबरला तिथे येणाऱ्या लाखो पावलांचा होता. स्मृतीमुळे जमिनीवर हक्क निर्माण होतो, हे राज्याने एकदा तरी मान्य केले.

कामगारांच्या घरांच्या बाबतीत हक्काला वेगळे रूप मिळाले. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जागांवर बांधलेल्या ६,९२५ घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली; अर्ज सुमारे दीड लाख होते. २०२० साली आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली. मधल्या काळात २०१६ साली पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत निघाली, आणि पुढे शेलू व वांगणीचे प्रस्ताव आले. कामगार संघटनांनी त्यांना विरोध केला, घर हवे ते मुंबईतच. निव्वळ निवाऱ्याचा हक्क मानला तर वांगणीचे घर तो भागवते. वहिवाटीचा मानला तर भागवत नाही, कारण वहिवाट उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही.

पात्रतेसाठी नियम असा की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगार गिरणीच्या सेवेत असला पाहिजे. तो हयात नसल्यास वारसाला अर्ज करता येतो. मयूखाचा मोठा भाग दायविभागावर, म्हणजे वारशाच्या वाटणीवर आहे, आणि तिथला एक प्रश्न असा की वारसा येतो तो कशाचा: जे नावावर होते त्याचा, की जन्माने मिळालेल्या नात्याचा? सोडतीने पहिले उत्तर घेतले. त्यामुळे हजेरीपटावर नाव असलेल्याचा नातू अर्जदार होतो. त्याच गिरणीतल्या वीस जणांना रोज दोन वेळ जेवू घालणारी खानावळवाली बाई, जिच्या चुलीशिवाय पाळीच उभी राहिली नसती, कोणत्याच पटावर नव्हती, आणि तिच्या मुलांना भरायला अर्ज नाही.